रेडिऑलॉजी ऑनलाइन शिकवायची तर बाण काढा, अख्खा स्कॅन द्या

मेडिकल कॉलेजात रेडिऑलॉजीचं लेक्चर म्हणजे बहुतेक वेळा साठ-सत्तर स्लाइडची पीपीटी. प्रत्येक स्लाइडवर निवडून घेतलेली एक इमेज, तिच्यावर पिवळा बाण, खाली निदान. मुलं माना डोलावतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि शेवटी ‘सर, पीडीएफ मिळेल का?’ विचारतात. हेच इंटर्न रात्री कॅज्युअल्टीत उभे राहतात तेव्हा बाण कुठेच नसतो. समोर असतो दीड-दोनशे स्लाइसचा (शरीराच्या आडव्या छेदांचा) सीटी, नाहीतर जराशी तिरकी आलेली छातीची फिल्म, आणि ‘काही आहे का यात?’ म्हणून डोक्यावर उभा राहिलेला सर्जरीचा रेसिडेंट.

ऑनलाइन साधनं आल्यावर पुष्कळ ठिकाणी एवढंच झालं की तीच पीपीटी झूमवर गेली. खरं तर या साधनांमुळे वर्गात न जमणाऱ्या दोन गोष्टी जमतात. प्रत्येक मुलाच्या हातात अख्खा स्कॅन देता येतो, आणि त्यानं स्वतःचं उत्तर लिहून पाठवल्याशिवाय आपलं उत्तर त्याला दिसू नये, अशी व्यवस्था करता येते. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठी आहे. पैसे फारसे लागत नाहीत. एक जुना कॉम्प्युटर, विभागातला एक उत्साही जेआर (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारा डॉक्टर) आणि आठवड्याला दोन-तीन तास पुरतात.

आधी यादी करा, अ‍ॅप नंतर शोधा

एमबीबीएसला रेडिऑलॉजीचा वेगळा पेपर नसतो, त्यामुळे इंटर्नला नेमकं काय यायला हवं हे बऱ्याचदा कुणी ठरवलेलंच नसतं. ते कागदावर उतरवा. माझी यादी छोटी आहे: न्युमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा), प्लुरल इफ्यूजन (तिथेच साठलेलं पाणी), लोबार कन्सॉलिडेशन (न्युमोनियानं भरलेला फुफ्फुसाचा कप्पा), मिलिअरी टीबी, डायफ्रामखालची फ्री गॅस, आतड्याचं ऑब्स्ट्रक्शन, भलतीकडे गेलेली राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी) आणि एंडोट्रॅकियल ट्यूब (श्वासनलिकेतली), नेक ऑफ फीमर आणि मनगटाची फ्रॅक्चर. सीटी ब्रेनमध्ये एक्स्ट्राड्युरल, सबड्युरल, सबअरॅक्नॉइड (हे मेंदूच्या आवरणांपाशी होणारे रक्तस्राव), मेंदूच्या आतला रक्तस्राव आणि ठळक इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग). बस्स. एमआरआयचे सिक्वेन्स इंटर्नला शिकवण्याचा मोह आवरा. तो आपल्या हौसेचा भाग असतो, त्याच्या गरजेचा नव्हे.

रेडिऑलॉजीच्या जेआर-१ साठी यादी वेगळी हवी. त्याला निदानाबरोबर रिपोर्ट लिहायचा असतो, म्हणजे ‘काय नाही’ हेही सांगायचं असतं. दोघांना एकाच कोर्समध्ये कोंबलं की इंटर्न घाबरतो आणि जेआर कंटाळतो.

तयार ग्रंथालयं

सुरुवातीला स्वतःच्या केस जमवत बसू नका. रेडिओपीडिया २००५ पासून चालू आहे. ऑस्ट्रेलियाचे न्यूरोरेडिऑलॉजिस्ट फ्रँक गेलार्ड यांनी ते सुरू केलं. तिथले लेख सगळे वाचतात. शिकवणाऱ्याच्या कामाची गोष्ट मात्र दुसरी आहे: प्लेलिस्ट. मोफत खातं उघडायचं, केस शोधायच्या, हव्या त्या क्रमानं लावायच्या आणि एक लिंक मुलांना द्यायची. बऱ्याच केसमध्ये सीटीचा पूर्ण स्टॅक (सगळ्या स्लाइस ओळीनं) असतो, तो ब्राउझरमध्येच स्क्रोल होतो, आणि क्विझ मोडमध्ये निदान झाकता येतं. केस निवडताना ‘डायग्नोस्टिक सर्टन्टी’ हा रकाना बघा. ‘सर्टन’ लिहिलेली केस घ्या, ‘पॉसिबल’ लिहिलेली परीक्षेला वापरू नका. हुशार मुलगा वाद घालेल आणि तो बरोबर असेल.

युरोपियन सोसायटी ऑफ रेडिऑलॉजीचं युरोरॅड तपासून घेतलेल्या केसचं भांडार आहे. तिथल्या केस जरा अवघड आणि दुर्मीळ असतात, म्हणजे जेआरसाठी बऱ्या. डच रेडिऑलॉजिकल सोसायटीचं रेडिऑलॉजी असिस्टंट हे वाचायला देण्यासाठी उत्तम. ‘छातीचा एक्स-रे पद्धतशीर कसा वाचावा’ हे समजावणारं इतकं स्वच्छ लिखाण कमी ठिकाणी सापडतं. यूट्यूबवर चांगली लेक्चरं भरपूर आहेत, पण ती बघून समजल्यासारखं वाटतं, एवढंच.

एक खबरदारी. रेडिओपीडियाच्या केस वापरायला परवानगी आहे ती श्रेय देऊन आणि अव्यावसायिक कामासाठी. कॉलेजातल्या वर्गाला चालतं. पीजी एन्ट्रन्सच्या फी घेणाऱ्या क्लासमध्ये त्याच इमेज बिनदिक्कत वापरणं चालत नाही, लोक कितीही वापरत असले तरी.

दुसरी खबरदारी मोठ्या डेटासेटची. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये खुला केलेला छातीच्या एक्स-रेंचा संच १,१२,१२० फिल्मचा आहे. एवढ्या फिल्म फुकट मिळतात म्हटल्यावर हात शिवशिवतात. पण त्यावरची लेबलं रिपोर्टच्या मजकुरातून संगणकानं काढलेली आहेत; फिल्म बघून डॉक्टरनं दिलेली नाहीत. त्यातली फिल्म घ्यायची असेल तर आधी स्वतः वाचा, लेबल विसरा.

दहा केसचा एक संच कसा लावायचा

इथे सगळ्यात जास्त विचार लागतो. दहापैकी तीन-चार फिल्म नॉर्मल ठेवा. नॉर्मल नसलेला संच मुलांना एकच गोष्ट शिकवतो: काहीतरी असणारच, शोधा. मग ते निपलच्या सावलीला नोड्यूल (फुफ्फुसातली छोटी गाठ) म्हणू लागतात. नॉर्मलमध्येही चकवे ठेवा: अझायगस लोब (फुफ्फुसाचा जादा कप्पा), सर्व्हायकल रिब (मानेतली जादा बरगडी), आणि आपल्याकडे हमखास दिसणारी वेणी. खांद्यावरून पुढे आलेली घट्ट वेणी फुफ्फुसाच्या टोकावर अशी पडते की नवखा मुलगा सरळ टीबी लिहितो. ती सावली क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालच्या हाडाच्या) वर, मानेत चढत गेलेली दिसते, हे एकदा स्वतः शोधलं की जन्मभर विसरत नाही. ताईत आणि मंगळसूत्राचं तसं नाही, ते धातूचं असल्यानं कुणी फसत नाही.

विषयवार संच लावू नका. ‘आज न्युमोथोरॅक्स’ असं जाहीर करून दहा न्युमोथोरॅक्स दाखवले की अकराव्याला झोपेतला मुलगाही न्युमोथोरॅक्सच म्हणेल. पहिल्या ओळखीपुरतं ते ठीक, नंतर सगळं मिसळा.

आणि प्रत्येक संचात एक तरी केस दोन फाइंडिंगची हवी. बरगडीचं फ्रॅक्चर ठळक, पण त्याच बाजूला वर बारीक न्युमोथोरॅक्स. किंवा मुतखड्यासाठी केलेला सीटी, खडाही आहे, आणि सगळ्यात वरच्या स्लाइसवर फुफ्फुसाच्या तळाशी गाठ. पहिलं सापडल्यावर नजर सैल होते, यातून अनुभवी माणूसही सुटत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत २४ रेडिऑलॉजिस्टना छातीच्या सीटीत नोड्यूल शोधायला दिले आणि शेवटच्या केसमध्ये गोरिलाचं चित्र घातलं, सरासरी नोड्यूलच्या ४८ पट मोठं. वीस जणांना ते दिसलंच नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांची नजर गोरिलावरून गेली होती.

स्वतःच्या केस: नाव पुसणं वाटतं तेवढं सोपं नाही

दोन-तीन महिन्यांनी आपल्याच रुग्णालयातल्या केस हव्याशा वाटतील, आणि त्या हव्यातही. इथला टीबी, इथलं हायडॅटिड (कृमीमुळे होणारी पाण्याची गाठ), इथल्या पोर्टेबल मशीनवर आलेली फिकट फिल्म परदेशी संग्रहात तशी मिळत नाही.

त्यासाठी ऑर्थंक हा मोफत, मुक्तस्रोत डायकॉम (वैद्यकीय इमेजच्या ठरलेल्या फाइल-प्रकाराचा) सर्व्हर पुरतो. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठ रुग्णालयात तो २०१२ च्या सुमारास तयार झाला. जुन्या कॉम्प्युटरवर टाका. ब्राउझरमध्ये ८०४२ पोर्टवर त्याचं पान उघडतं. पॅक्सवरून (रुग्णालयाच्या इमेज साठवणाऱ्या यंत्रणेवरून) थेट केस पाठवायच्या असतील तर इंजिनिअरला एवढंच सांगा: एई टायटल ऑर्थंक, पोर्ट ४२४२. पॅक्स नसेल तर सीडीवरच्या फाइली उघडलेल्या पानावरून अपलोड करा. त्यात अ‍ॅनॉनिमाइझचं बटण आहे. ते दाबलं की नाव, नोंदणी क्रमांक, जन्मतारीख वगैरे टॅग गेलेली नवी प्रत तयार होते. मूळ प्रत तिथेच राहते, ती डिलीट करायची आठवण ठेवा. ओएचआयएफ हा व्ह्यूअर याच्याच प्लगइनमध्ये मिळतो, म्हणजे मुलांना काही इन्स्टॉल करावं लागत नाही. हा सर्व्हर कॉलेजच्या अंतर्गत नेटवर्कवरच ठेवा, पासवर्ड बदला आणि थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका.

बटण दाबून काम संपत नाही. टॅग पुसले तरी इमेजच्या पिक्सेलमध्ये छापलेलं नाव तसंच राहतं. हे कुठे सापडतं ते सांगतो. सोनोग्राफीच्या वरच्या काळ्या पट्टीत. सीटीच्या शेवटी येणाऱ्या डोस रिपोर्टच्या पानावर. ही एक वेगळी सिरीज असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, ती पूर्ण काढून टाका. एक्स-रेच्या कोपऱ्यात. व्ह्यू बॉक्सवर धरून मोबाइलनं काढलेल्या फोटोत तर नाव, तारीख आणि हॉस्पिटल तिन्ही असतात. म्हणून प्रत्येक सिरीजची पहिली, मधली आणि शेवटची इमेज डोळ्यांनी बघायची, आणि हे काम केस निवडणाऱ्यानं नाही तर दुसऱ्यानं करायचं. पातळ स्लाइसच्या डोक्याच्या सीटीतून चेहऱ्याचं त्रिमितीय चित्र उभं करता येतं, तेव्हा शिकवायला जाड स्लाइसची सिरीज द्या. आणि गावातल्या वर्तमानपत्रात छापून आलेली अपघाताची केस नाव पुसूनही ओळखू येते. ती सोडून द्या.

गरोदर बाईंच्या सोनोग्राफीचं आपल्याकडे वेगळं आहे. १९९४ चा गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा सगळ्यांना पाठ असतो, पण शिकवण्याच्या फोल्डरमध्ये जुन्या क्लिप तशाच पडून असतात. गर्भाचं लिंग दिसू शकेल अशी एकही फ्रेम संग्रहात नको. बाकीच्या केससाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. विभागप्रमुखांची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीला एक पत्र, एवढं आधीच करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा संग्रह नव्हे. तिथे इमेज दाबली जाते, बारीक फ्रॅक्चर पुसलं जातं, आणि एकदा गेलेली फिल्म कुठवर पोचली हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न कसा लिहायचा: एक केस जवळून

सत्तरीचे गृहस्थ, बाथरूममध्ये घसरून पडले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, दुपारपासून सुस्त. सीटी ब्रेन केला आहे. कवटीला चिकटून एका बाजूला पातळ अ‍ॅक्यूट सबड्युरल. स्लाइडवर ही केस अशी येते: ‘निदान काय? अ) एक्स्ट्राड्युरल ब) सबड्युरल क) इन्फार्क्ट ड) नॉर्मल.’ चार पर्याय वाचताच अर्धं काम प्रश्नानंच केलेलं असतं.

त्याऐवजी स्टॅकची लिंक द्या आणि गूगल फॉर्ममध्ये असं विचारा.

पहिला प्रश्न: ‘वरपासून खालपर्यंत स्क्रोल करा. उजवी-डावी बाजू कुठे वेगळी वाटते? बाजू आणि स्लाइस क्रमांक लिहा.’ स्लाइसचा आकडा मागितला की अंदाजपंचे उत्तर देता येत नाही, आणि त्यासाठी कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही.

दुसरा प्रश्न: ‘आता विंडोची रुंदी २०० आणि लेव्हल ७५ करा. काय बदललं?’ हा प्रश्न या केसचा गाभा आहे. नेहमीची ब्रेन विंडो ८० रुंद आणि ४० लेव्हलची, म्हणजे शून्य ते ८० हाउन्सफिल्ड युनिट (सीटीतलं घनतेचं माप) एवढाच पट्टा राखाडी छटांत दिसतो; त्याच्या वरचं सगळं पांढरंफट्टक. गोठलेलं ताजं रक्त साधारण ५० ते ७५ मध्ये येतं, म्हणजे पांढऱ्याच्या अगदी जवळ, आणि शेजारी पांढरी कवटी. पातळ थर हाडात मिसळून जातो. २०० आणि ७५ केलं की पट्टा उणे २५ ते १७५ होतो. रक्त मधल्या राखाडीत उतरतं, हाड पांढरंच राहतं, आणि दोघांमधली कड सुटी होते. हे फळ्यावर सांगितलं तर वहीत जातं. स्वतःच्या बोटानं विंडो ओढली तर हातात जातं.

तिसरा: ‘न्यूरोसर्जनला फोनवर दोन वाक्यांत काय सांगाल?’ इथे कळतं की मिडलाइन शिफ्ट (मेंदूचा मध्य एका बाजूला ढकलला गेला आहे का) बघायची राहून गेली आहे.

चौथा: ‘उत्तराची खात्री १ ते ५ मध्ये किती?’ चूक आणि खात्री ५, असा मुलगा सापडला की त्याच्याशी वेगळं बोला. चूक आणि खात्री २ असेल तर काळजी नाही. तो रात्री तुम्हाला फोन करेल.

उत्तर त्याच फॉर्मच्या पुढच्या भागात ठेवू नका. गूगल फॉर्ममध्ये मागे जाऊन आधीचं उत्तर बदलता येतं, आणि मुलं ते करतात. फॉर्म पाठवल्यावर जो ‘धन्यवाद’चा संदेश येतो, तो आपल्याला लिहिता येतो, उत्तराच्या पानाची लिंक तिथे टाका. एका माणसाला एकच प्रतिसाद, ही सेटिंग चालू ठेवा.

उत्तराच्या पानावर फक्त बरोबर उत्तर नको, नेहमीच्या चुकांची उत्तरं हवीत. ‘एक्स्ट्राड्युरल लिहिलंत? तो सहसा सूचरपाशी (कवटीच्या हाडांच्या सांध्यापाशी) थांबतो आणि भिंगासारखा फुगतो. हा सूचर ओलांडून पसरला आहे, पण फाल्क्स (मेंदूच्या दोन भागांमधला पडदा) ओलांडलेला नाही.’ अशा तीन-चार ओळी लिहायला वेळ लागतो. संपूर्ण उपक्रमात हा वेळ मात्र वाचवू नका.

लाइव्ह सेशनमध्ये माउस कुणाकडे?

झूम किंवा मीटवर तुम्ही स्क्रोल करता तेव्हा समोरच्याला अडखळत, दाबलेलं चित्र दिसतं. झूममध्ये व्हिडिओ क्लिपसाठी ऑप्टिमाइझ करण्याचा पर्याय आहे, त्यानं हालचाल सुधारते पण बारकावा कमी होऊ शकतो. त्यापेक्षा उलट करा. लिंक सगळ्यांना द्या, दहा मिनिटं मौन पाळा, मग एका मुलाला त्याची स्क्रीन शेअर करायला सांगा आणि बोलत बोलत केस वाचायला लावा. कॅरिअरवर बसून कुणी सायकल शिकत नाही. त्याचा कर्सर कुठे जातो, कुठे जातच नाही, हे तुम्हाला आपोआप दिसतं: फुफ्फुसाची टोकं, हायलम (फुफ्फुसाचं मूळ), हृदयाच्या मागची जागा आणि डायफ्रामखालचा भाग बहुतेकांचा राहतो. मध्येच तोडू नका. आपल्याकडे सरांनी ‘हं?’ म्हटलं की मुलगा लगेच निदान बदलतो, म्हणून ‘हं’सुद्धा आवरा. एका तासात चार केस पुष्कळ झाल्या.

अँकी, मोबाइल, एआय

अँकी हे उजळणीचं मोफत सॉफ्टवेअर पाठांतराच्या गोष्टींसाठी छान: विंडोचे आकडे, साल्टर-हॅरिसचे (लहान मुलांच्या हाडांच्या वाढीच्या पट्ट्यातल्या फ्रॅक्चरचे) प्रकार, अ‍ॅनाटॉमी. चित्रावरचे भाग झाकून विचारण्याची सोय २३.१० या आवृत्तीपासून त्यातच आहे. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. निदानाच्या केस मात्र अँकीत टाकू नका. तीच फिल्म चारदा आली की मुलगा रोग ओळखत नाही, फिल्म ओळखतो.

मुलं हे सगळं मोबाइलवर बघणार, त्याला इलाज नाही. जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांच्या डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला गेलेल्या पीजीकडे तर बऱ्याचदा तेवढंच साधन असतं. म्हणून फॉर्मच्या वर लिहा: फोन आडवा धरा, ब्राइटनेस पूर्ण ठेवा, डोळ्यांसाठीचा पिवळा फिल्टर बंद करा, फिल्मचे चार भाग करून एकेक मोठा करून बघा. बारीक न्युमोथोरॅक्स आणि हेअरलाइन फ्रॅक्चर असलेल्या केसना ‘कॉम्प्युटरवरच’ अशी खूण करा, नाहीतर फोनच्या दोषाचे मार्क मुलाचे जातील.

एआयबद्दल थोडक्यात: रुग्णाची इमेज चॅटबॉटवर चढवायची नाही, हा पहिला नियम. विभागात छातीच्या एक्स-रेचं एआय सॉफ्टवेअर असेल तर मुलानं आधी स्वतःचं वाचन लिहावं, मग एआयचं बघावं आणि जिथे पटत नाही तिथे कारण द्यावं. क्रम उलटा झाला की तो एआयच्या चौकटीबाहेर बघतच नाही.

उपयोग होतोय का, आणि हे टिकेल कसं

सेशन संपल्याबरोबर घेतलेल्या अभिप्रायावर विश्वास ठेवू नका. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग इथे लागू पडतो. विद्यार्थ्यांना परिच्छेद दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. म्हणजे पीपीटी ऐकलेला मुलगा त्याच संध्याकाळी जास्त खूश असणार. कोर्सच्या आधी एक संच, आणि संपल्यावर तीन आठवड्यांनी तितकाच अवघड पण वेगळ्या फिल्मचा दुसरा संच, असा ताळा घ्या.

निकालाच्या शीटकडे केसच्या बाजूनंही बघा. जी केस सगळ्यांना आली ती पुढच्या वर्षी गाळा. जी कुणालाच आली नाही, तिथे मुलांना बोल लावण्याआधी लिंक उघडून बघा. स्टॅक अर्धाच अपलोड झालेला असतो किंवा फाइंडिंग फक्त तुम्हालाच ठाऊक असलेल्या एमआरआयवर दिसलेलं असतं.

संग्रहाची एकच एक्सेल ठेवा: केस क्रमांक, निदान, ते कशावरून नक्की झालं, अडचणीची पातळी, नाव पुसल्याची तपासणी कुणी केली, कुठल्या संचात वापरली. फाइलच्या नावात रुग्णाचं आडनाव किंवा निदान नको. ‘छाती-०४७’ पुरे, कारण लिंकमध्ये निदान दिसलं की प्रश्न तिथेच संपला. खातं विभागाच्या ईमेलवर उघडा. एखाद्या जेआरच्या खासगी खात्यावर उघडलं तर तो एमडी होऊन गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. नवा जेआर आला की पहिल्या पंधरवड्यात त्याला मागच्या संचातल्या दहा केस सोडवायला द्या आणि एक नवी केस, उत्तराच्या पानासकट, तयार करायला लावा.